रश प्रिंट ते प्रॉक्सी: संकलनातल्या हलक्या प्रतीचा इतिहास

मूळ चित्रण बाजूला जपून ठेवायचे आणि काटछाट त्याच्या दुसऱ्या, हलक्या प्रतीवर करायची, ही चित्रपट-संकलनातली रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. ताकदवान प्रोसेसर, भरपूर रॅम आणि महागडे ग्राफिक कार्ड असूनही टाइमलाइनवर चित्र अडखळत असेल, तर बहुतेक वेळा ही रीत पाळलेली नसते.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्याचे संकलनही त्यांनीच केले. कच्च्या फिल्मला भोके पाडणे आणि ती धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतली होती. हा धंदा तेव्हा घरातच चालत होता. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू झाली आणि १९३३ साली ती पुण्यात आली. अशा मोठ्या स्टुडिओंत संकलन हे स्वतंत्र खाते झाले.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी मावतात. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म सरते आणि हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह एकदा ओरखडली की ओरखडा कायमचा राहतो. म्हणून लॅबमधून तिची कामचलाऊ प्रत, म्हणजे रश प्रिंट, काढली जाई आणि कात्री चाले ती फक्त तिच्यावर. संकलक मेणाच्या पेन्सिलीने चौकटीवर खूण करी, तुकडा कापी, जोडी आणि उरलेले तुकडे कापडाचे अस्तर लावलेल्या पेटीवर खिळ्यांना टांगून ठेवी. दोन चौकटींचा तुकडा जरी हरवला तरी पुढे तो शोधत बसावे लागे. सगळे पक्के झाल्यावर फिल्मच्या कडेचे क्रमांक जुळवून निगेटिव्ह कापली जाई. संकलकाचे हात दिवसभर रश प्रिंटवर फिरत, निगेटिव्हला स्पर्श व्हायचा तो अगदी शेवटी.

१९२४ साली मोव्हिओला हे संकलनाचे यंत्र आले आणि नंतर सपाट टेबलाचे स्टीनबेक. १९६० साली ‘प्रभात’च्या पुण्यातल्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि पुढच्या पिढ्यांनी हीच शिस्त तिथे गिरवली. ‘जाने भी दो यारो’ आणि ‘परिंदा’ यांच्या संकलक रेणू सलुजा याच संस्थेतून आल्या.

व्हिडिओ टेपच्या काळात ही शिस्त लहान व्यवसायातून नाहीशी झाली. व्हीएचएस कॅमेरे गावोगाव पोचले आणि लग्नाच्या कॅसेटचे ‘मिक्सिंग’ हा चांगला पोटापाण्याचा धंदा झाला. दोन व्हीसीआर समोरासमोर लावायचे, एकावर मूळ टेप चालवायची आणि दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायचा. दर उतरणीला चित्र पुसट होई. वरातीतला एखादा प्रसंग नंतर मध्येच घालायचा झाला, तर तिथून पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. मूळ टेपच सतत मागे-पुढे फिरवली जात असल्याने ती झिजेही.

संगणकाने जुनी पद्धत परत आणली. १९८९ साली अ‍ॅव्हिडची मीडिया कंपोजर प्रणाली बाजारात आली तेव्हा हार्ड डिस्क लहान आणि महाग होत्या, म्हणून चित्रण मुद्दाम हलक्या दर्जात भरले जाई. निर्णय त्या धूसर चित्रावर होत आणि कापांची यादी घेऊन अंतिम प्रत मूळ फिल्म किंवा टेपवरून तयार होई. ही अडचणीतून निघालेली वाट होती, पण कामाचा वेग तिनेच राखला.

१९९५ नंतरच्या डीव्ही टेपने परिस्थिती सोपी केली. सेकंदाला २५ मेगाबिट, तासाला सुमारे १३ गिगाबाइट आणि प्रत्येक चौकट स्वतंत्र. साध्या संगणकावरही एडियस, प्रीमियर किंवा फायनल कट ही संकलनाची सॉफ्टवेअर चालू लागली. हलकी प्रत लागेनाशी झाली आणि तिची सवय मोडली.

त्यानंतर एचडीव्ही, एव्हीसीएचडी आणि एच.२६४ हे फाइलींचे प्रकार आले, तिथून आजची अडचण सुरू होते. नवेगाव बांधच्या तलावावर उथळ पाण्यात निश्चल उभ्या असलेल्या बगळ्याचे चित्रण घ्यावे. कॅमेरा एक चौकट पूर्ण साठवतो आणि पुढच्या कित्येक चौकटींत फक्त बदललेला भाग नोंदवतो. जागा वाचते, म्हणून कॅमेऱ्यासाठी ही रचना उत्तमच. संकलकाने मात्र मधलीच एखादी चौकट मागितली, तर संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपर्यंत जाऊन तिथून पुढचे सगळे उलगडत यावे लागते. टाइमलाइन उलट दिशेने ओढली की हेच काम पुन्हा पुन्हा. त्यात ४के म्हणजे एका चौकटीत ८२ लाखांहून अधिक ठिपके. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर वीस कोटींवर ठिपके दर सेकंदाला तयार करायचे. झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे चित्रण तीन कॅमेऱ्यांनी केले, तर हा भार तिप्पट होतो.

इथे ग्राफिक कार्डाबद्दलचा गैरसमज खर्चिक ठरतो. २०१० साली प्रीमियरमध्ये मर्क्युरी प्लेबॅक इंजिन आले आणि रंगदुरुस्ती, इफेक्ट, आकार बदलणे ही कामे कार्डाकडे गेली. फाइल उलगडण्याचे काम मात्र बराच काळ प्रोसेसरवरच राहिले. आज कार्डात त्यासाठी वेगळा भाग असतो, पण तो ठरावीक प्रकारच्याच फाइली घेतो. १०-बिट ४:२:२ सारखे चित्रण त्याच्या आवाक्याबाहेर असले की सारे ओझे पुन्हा प्रोसेसरवर येते आणि कार्ड नुसते बसून राहते. कार्ड विकत घेण्याआधी कॅमेरा कोणत्या प्रकारची फाइल देतो हे पाहणे जास्त मोलाचे.

यावरचा उपाय जुनाच आहे. प्रोरेस, डीएनएक्सएचडी किंवा कॅनोपस एचक्यू या प्रकारांत प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. फाइल मोठी होते, पण प्रोसेसरला दम लागत नाही. २०१६ साली प्रीमियरमध्ये प्रॉक्सीची, म्हणजे हलक्या प्रतींची, सोय आली. मूळ ४के फाइलींच्या १२८० बाय ७२० आकाराच्या प्रती रात्रीच तयार करून ठेवायच्या, टाइमलाइनवर त्या चालवायच्या आणि एका बटणाने मूळ चित्रण समोर आणायचे. प्रॉक्सीचा फ्रेम रेट आणि ध्वनीचे चॅनेल मूळ फाइलीशी जुळावे लागतात, नाहीतर जोडणी बिघडते. मोबाइलच्या चित्रणात फ्रेम रेट बदलता असतो, त्यामुळे आवाज पुढे-मागे सरकतो. ते आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घेणे बरे.

प्रॉक्सी आणि कॅशे (तात्पुरत्या फाइली) वेगवान एसएसडीवर, मूळ चित्रण दुसऱ्या डिस्कवर आणि त्याची आणखी एक प्रत तिसरीकडे, अशी मांडणी आता चांगल्या संकलन-कक्षांत दिसते. अंतिम निर्यात मूळ फाइलींवरूनच होते, आणि रंगाची बारीक पारख किंवा फोकसची तपासणी करतानाही प्रॉक्सी बंद ठेवतात.