लाल बटणावरचं झाकण

आज एका प्लास्टिकच्या झाकणाबद्दल बोलणार आहे. तत्त्वज्ञानाचा माणूस झाकणावर काय बोलणार, असं वाटेल. पण थोडं ऐका.

आयबीएमने १९६४ साली ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या पॅनेलवर ‘इमर्जन्सी पुल’ अशी एक मूठ असे. ती ओढली की संगणक आणि त्याला जोडलेली सगळी यंत्रं यांची वीज बंद. ओढलेली मूठ बाहेरच अडकून राही. ती परत आत सारण्याचं काम फक्त देखभालीच्या माणसांचं. म्हणजे बघा, वीज तोडायला कोणीही चालेल, मूठ जागेवर आणायला मात्र जाणकारच हवा. हा भेद कोणीतरी नीट विचार करून केलेला आहे.

यामागे भय आगीचं. जुलै १९५९मध्ये पेंटागॉनमधल्या हवाई दलाच्या संगणककक्षाला आग लागून मोठं नुकसान झालं होतं. पुढे अमेरिकी वीजनियमांत संगणककक्षाच्या मुख्य दारांपाशीच वीज तोडायची सोय हवी, असं आलं. बाहेर पळता पळता हात पोचला पाहिजे, हा हिशेब. पण दारापाशी आणखी एक बटण असतं, दार उघडायचं! दोन्ही हातांत खोकी घेतलेला माणूस कोपराने भलतंच बटण दाबतो, आणि पंख्यांची घरघर एकदम थांबते. संगणककक्षात नोकरी केलेल्यांना ती शांतता चांगली ठाऊक असते.

मग कुलूप लावावं? आगीत किल्ली कोण शोधणार?

संगणकवाल्यांच्या बोलीचा ‘जार्गन फाइल’ नावाचा कोश आहे. त्यात ‘मॉली-गार्ड’ असा शब्द सापडतो. एका प्रोग्रॅमरच्या चिमुरड्या मुलीने आयबीएम ४३४१चं मोठं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं, म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण बसवलं, आणि झाकणाला नाव मिळालं मुलीचं, अशी त्यात हकीकत आहे. (पहिल्यांदा दाबल्यावर कोणाला सुचलं नाही, हेही मनुष्यस्वभावाला धरूनच.)

आता इथे मला ॲरिस्टॉटल आठवतो. ‘निकोमाकियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो, की मुलंसुद्धा स्वेच्छेने कृती करतात, पण विचारपूर्वक केलेली निवड त्यांच्याकडे नसते. त्या मुलीने बटण स्वेच्छेनेच दाबलं, बरं का! कुलूप माणसाचा अधिकार तपासतं. झाकणाला अधिकाराशी देणंघेणं नाही. ते उचलायला जो एक क्षण लागतो, त्यात निवडीला जागा मिळते. आगीतून पळणाऱ्याला तेवढा क्षण परवडतो.

पुढे माणसं दुरून, तारेवरून संगणक बंद करू लागली. तिथे कोपर लागत नाही, पण समोरचाच संगणक बंद करतोय असं समजून माणूस भलताच बंद करतो. डेबियन या प्रणालीत त्यासाठी ‘मॉली-गार्ड’ याच नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. दुरून बंद करायची आज्ञा दिली, की तो त्या संगणकाचं नाव टाइप करायला लावतो. नाव चुकलं तर संगणक चालूच राहतो.