टोपीवाल्याचा टॅक्स

दिवसा पगाराच्या सॉफ्टवेअरचा कोड लिहीत मी एमबीएला टॅक्सेशन घेतलं. सिलॅबस १९६१च्या कायद्यापासून सुरू. मला मात्र १८६० खुणावत राहिलं. १८५७च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली. ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन आला. 'द इकॉनॉमिस्ट'चा संस्थापक, मूळचा टोप्यांचा कारखानदार. (टोपी घालण्यावरचा विनोद तुम्हीच करा.) म्हणजे उठाव मोडण्याचा खर्चही आपल्याच खिशातून! कायदा जुलैअखेर आला, ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यात आमांशाने गेला. आमच्या परीक्षेत यातलं काही नाही, फक्त स्लॅब आणि वजावटी. ते तर माझा कोडही सांगतो. पाच वर्षांचा तो कर १८६५ला संपला, १८८६ला कायमचा परतला. तेव्हा शेतीचं उत्पन्न वगळलं. केंद्राच्या आयकरातून ते आजही बाहेरच आहे.