सरकी इथं राहिली

आमचे आजोबा, म्हणजे आबाजी, मूर्तिजापुरात कापसाच्या एका जिनात आगवाले होते. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, राख ओढायची, वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. गोष्ट सांगताना ते इसवी सन क्वचितच सांगत. ‘जिनाले वीज आली त्याच्या आदल्या सालची गोष्ट’ असं म्हणाले, की घरातल्या सगळ्यांना काळ कळायचा. ‘वाफ बोलते बापू, कान द्या लागते तिले,’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांच्या वडिलांनी कारंज्याच्या बाजारात बंडीनं कापूस नेला होता आणि आजीनं जिनात मजुरी केली होती. वऱ्हाडात कारखानदारी कशी आली, ती कुठवर पोचली आणि कुठं अडली, हे मला आधी या तिघांच्या बोलण्यातून कळलं. पुस्तकं नंतर आली.

१८५३ च्या तहानं निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. पुढच्या आठ वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंदरातच अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या मालासाठी हिंदुस्थानाकडे वळल्या. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावानं विकला जाऊ लागला. भुसावळहून निघालेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका कापूसबाजारासाठी देशाचा सर्वोच्च अधिकारी इतक्या लांब येतो, यावरूनच या पांढऱ्या मालाचं वजन कळावं. व्होलकार्टसारख्या स्विस कंपनीनं खामगावात आपलं ठाणं मांडलं. पाठोपाठ गावोगाव सरकी काढणारे वाफेवरचे रेचे आणि गठाणी बांधणारे प्रेस आले.

देशाचा बराच भाग बैलगाडीच्या वेगानं चालत होता, तेव्हा आमच्या भागात भोंगा वाजत होता. याचा मला अभिमान वाटतो.

पणजोबांच्या तोंडी मात्र भोंग्यापेक्षा बाजार जास्त असे. बंडी उभी राहिली की दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत, आणि कापूस ज्याचा तो शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत राही. मग कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय असं एकेक कापलं जाई. ‘माप त्याचं, भाव त्याचा, कापूस तेवढा आपला,’ असं पणजोबा म्हणत, आणि आबाजी ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत. ही लूट थांबवायची वाटही वऱ्हाडातच आधी निघाली. १८८६ मध्ये कारंज्याच्या बाजाराला नियम लागले. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. आज गावोगावच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या आपल्याला दिसतात, त्यांचं मूळ इथं आहे. त्या कायद्याखालच्या समित्यांत शेतकऱ्याला पुरेशी जागा नव्हती आणि कायदा होऊनही रुमाल लगेच गेला नाही, हेही तितकंच खरं. तरी उघड भाव आणि खरं माप हा आपला हक्क आहे, ही जाणीव त्यातून आली. पणजोबांनी म्हातारपणी काट्याशी उभं राहून वाद घातल्याचं आबाजी कौतुकानं सांगत.

पण १८९७ हेच साल दुष्काळाचंही होतं, आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ आला. १८९१ ला वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ च्या मोजणीत ती २७ लाख ५४ हजारांवर आली. कापसाच्या भरभराटीच्या मुलखात दहा वर्षांत माणसं वाढायची सोडून जवळजवळ दीड लाखानं घटली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली होती, कणगीत धान्य नव्हतं, आणि रोख पैसा सावकाराकडे गेला होता. वऱ्हाडच्या औद्योगिक प्रगतीची गोष्ट सांगताना हे दोन आकडे वगळणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

जिनातलं काम आजी सांगे तेव्हा ती उठून हातवारे करी. अंगणात कापसाचा ढीग, डोक्यावर टोपली, आणि जिन्यानं वर चढून बायांनी तो रेच्यापुढं टाकायचा. चामड्याचा रोलर फिरतो, त्याला टेकलेल्या पोलादी पात्यात रुई ओढली जाते आणि सरकी पात्याखाली गळते. तीन मण कापसातून साधारण मणभर रुई, बाकी सरकी. मशीन अखंड चालू, आणि रुईचा बारीक भुगा हवेत तरंगतो. बाया पदरानं नाक-तोंड बांधून काम करत. संध्याकाळी घरी आल्यावर केस, पापण्या, भुवया, सगळं पांढरं झालेलं असे. पलीकडे प्रेस. लोखंडी पेटीत रुई भरायची, गड्यांनी आत उतरून पायांनी ती तुडवायची, मग दाब द्यायचा. वर तागाचं बारदान, भोवती लोखंडी पट्ट्या. ३९२ पौंडांची एक गठाण, अशा दोन गठाणींची एक खंडी. १९२५ च्या कायद्यानंतर प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक घालावा लागे. मालात पाणी किंवा कचरा निघाला, तर गठाण कुठल्या प्रेसची आहे ते शोधता यावं म्हणून.

एवढं सांगून झाल्यावर आजी एक वाक्य हमखास म्हणे, आणि ते मला सगळ्या आर्थिक इतिहासाहून मोलाचं वाटतं. ‘वावरातली मजुरी सासऱ्याच्या हाती जाय. जिनातला हप्ता माह्या नावानं पडे.’ तिनं त्या पैशातून आधी एक पितळी गुंड घेतला, मग माझ्या वडिलांच्या शाळेची फी भरली. घरात तिचा शब्द चालू लागला तो याच पैशानं. कारखाना आला की घराच्या आतलीही मांडणी बदलते, आणि ते मोजायला कुठल्या खात्याकडे तक्ता नसतो.

हप्ता मात्र हंगामापुरताच. दिवाळीनंतर कापूस येई, उन्हाळ्यापर्यंत जिन चाले, मग भोंगा मुका. त्यातही एक वाईट प्रकार होता. जिनं गरजेपेक्षा जास्त झाली तेव्हा मालकांनी आपसात ‘पूल’ केले. काही जिनं चालवायची, काही बंद ठेवायची आणि नफा सगळ्यांत वाटायचा. बंद जिनाच्या मालकालाही वाटा मिळे. बंद जिनाच्या आगवाल्याला मात्र काहीच मिळत नसे. आबाजी त्या आठवणीवर फार बोलत नसत, तोंड फिरवत.

मूळ दुखणं याहून खोल होतं. वऱ्हाडात यंत्र आलं ते कापूस साफ करायला आणि बांधायला. रुई रेल्वेनं मुंबईला, तिथून जहाजानं लिव्हरपूलला किंवा जपानला. सूत दुसरीकडे, कापड दुसरीकडे. आमच्याकडे राहिली सरकी, जनावरांच्या दावणीला आणि पुढं तेलघाण्यांना. याला कारणं होती. रेल्वेचा ओघ बंदराकडे होता, भांडवल बहुतेक बाहेरच्या व्यापाऱ्यांचं होतं आणि त्यांना पैसा एका हंगामात मोकळा करून हवा होता. १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली होती, मँचेस्टरला राग येऊ नये म्हणून. ती जायला १९२५ उजाडलं. तरी गिरणी इथं चालूच शकत नव्हती, असं नाही. कापसाच्या मुलखातच गिरणी शोभते हे जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करून दाखवलं होतं. अकोल्यात सावतराम आणि मोहोता, अचलपुरात विदर्भ मिल उभ्या राहिल्या. पण जिनांच्या संख्येपुढं गिरण्या बोटावर मोजण्याएवढ्या.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली, आणि लांब धाग्याच्या कापसाचा सिंध-पंजाबचा मुलूख पलीकडे गेला. गिरण्या इकडे, चांगला कापूस तिकडे. नव्या देशानं कापूस मागितला तेव्हा वऱ्हाडानं दिला. योगायोग असा, की १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात शेतीचं खातं पापळच्या पंजाबराव देशमुखांकडे होतं. दिल्लीतलं १९५९-६० चं जागतिक कृषी प्रदर्शन त्यांच्या काळातलं. आबाजींना पंजाबरावांचं प्रदर्शन ठाऊक नव्हतं, पण अकोला जिल्ह्यातल्या पारसला वीज तयार होऊ लागली, ते १९६१ साल त्यांना पक्कं आठवायचं. इलेक्ट्रिक मोटर आली, बॉयलर थंडावला. आगवाल्याचं काम संपलं आणि त्यांना वजनकाट्यावर बसवलं. दुःख झालं का, असं मी विचारलं होतं. ‘धूर गेला ना पोरा,’ एवढंच म्हणाले.

पुढं सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्था निघाल्या. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हमीभाव, पुढं भाव वाढला तर त्यातला वाटा, व्यापाऱ्याच्या जागी पणन महासंघ. पणजोबांचा रुमाल आता खरोखर गेला होता. पण ग्रेडर आला, बंड्यांच्या रांगा आल्या आणि चुकारा थकू लागला. योजना तोट्यात रुतत गेली आणि गेल्या शतकाच्या अखेरीस तिच्यात जीव उरला नाही. तिच्यावर टीका करणाऱ्यांचे बरेच मुद्दे मला मान्य आहेत. तरी माझं मत असं, की सरकारनं कापूस विकत घेण्यावर जेवढी शक्ती घातली, त्याच्या निम्मी जरी तो इथंच कातण्यावर घातली असती, तर तोट्याचं खातं वेगळं दिसलं असतं. १९७४ मध्ये अकोल्याच्या दोन्ही गिरण्या आणि अचलपूरची विदर्भ मिल सरकारनं ताब्यात घेतली होती. नवी यंत्रं वेळेवर आली नाहीत. अकोल्याच्या गिरण्या बंद झाल्या आणि कामगारांची मुलं सुरतेला, पुण्याला गेली.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापड उद्योग उभा राहतो आहे. पीएम मित्र योजनेतल्या तिथल्या हजार एकरांच्या पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. सूत, कापड, रंगाई, शिलाई हे सगळं एका आवारात, असा त्याचा आराखडा आहे. दीडशे वर्षांपूर्वी खामगावला व्हाइसरॉय आले तेव्हा हेच व्हायला हवं होतं. तिथं किती कोटींची गुंतवणूक आली हे वर्तमानपत्रं छापतीलच. मला त्याआधी हजेरीपट बघायचा आहे. आज दर्यापूर-अंजनगावच्या वावरात किलोच्या भावानं कापूस वेचणाऱ्या बायांच्या किती मुली त्या पटावर आहेत, काम बारमाही आहे की हंगामापुरतं, राहायला वसतिगृह आहे का, आणि पगार त्यांच्या स्वतःच्या नावानं खात्यात पडतो का.