बाळ अजून चालत नाही? 'वेळेवर' ही कल्पना आली कुठून

तुमच्या बाळाच्या लसीकरणाच्या फाईलमध्ये एक तक्ता असतो. तीन-चार महिन्यांत मान धरणे, मग पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, चालणे. प्रत्येकापुढे महिने लिहिलेले असतात. बाळ त्या आकड्याच्या मागे राहिले की घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते दूध कमी पडते, कोणी म्हणते फार कडेवर घेता, आणि सगळा रोख शेवटी आईकडे वळतो. पण हे आकडे कोणी लिहिले, कोणती बाळे पाहून लिहिले, याचा विचार फारसा होत नाही. तो इतिहास माहीत असला तर तक्ता वाचायची नजरच बदलते, म्हणून आज थोडे मागे जाऊ.

अशा तक्त्यांची सुरुवात मुख्यतः एका माणसाकडे जाते, अर्नोल्ड गेझेल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1911 साली त्यांनी मुलांच्या विकासाचा अभ्यास करणारे केंद्र सुरू केले. तिथे घुमटासारख्या खोलीत बाळाला ठेवायचे, कॅमेऱ्याने चित्रण करायचे आणि काचेआडून निरीक्षण करायचे. कोणत्या आठवड्यात बाळ काय करते, याची इतकी बारीक नोंद त्याआधी क्वचितच झाली होती. त्यांचा निष्कर्ष असा की मज्जासंस्था आपल्या क्रमाने पक्व होते, शिकवून फार फरक पडत नाही. 1929 साली त्यांनी जुळ्या बहिणींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकीला 46व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायचा सराव दिला. दुसरीला 53व्या आठवड्यात सुरुवात करून फक्त दोनच आठवडे. दुसरीने पहिलीला गाठले!

काम मोठे होते यात शंका नाही. पण गेझेल यांनी पाहिलेली बाळे न्यू हेवन या एका शहरातल्या आणि बहुतेक एकाच प्रकारच्या घरांतली होती. त्यांची सरासरी पुढे पुस्तकांतून जगभर गेली आणि सरासरीचा 'नियम' झाला. सरासरी म्हणजे काय ते लक्षात घ्या. साधारण निम्मी बाळे तिच्या आधी ती गोष्ट करतात आणि निम्मी नंतर. नंतर करणारी निम्मी बाळे आजारी नसतात.

आता दुसरी बाजू. वेन डेनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अॅरिझोनातल्या होपी आदिवासींची बाळे पाहिली. तिथे बाळाला पहिले काही महिने दिवसाचा बराच वेळ फळीवर गुंडाळून बांधून ठेवण्याची पद्धत होती, आणि काही घरांनी ती सोडली होती. 1940 साली त्यांनी दोन्हींची तुलना मांडली, तर दोन्ही गटांतली बाळे सरासरी पंधराव्या महिन्यात चालली. गेझेल यांचेच म्हणणे खरे ठरले असे वाटावे.

पण वीस वर्षांनी याच डेनिस यांनी तेहरानच्या अनाथालयांतून जे लिहिले ते वाचताना आजही वाईट वाटते. तिथल्या एका संस्थेत बाळे दिवसभर पाळण्यात उताणी पडून असत. उचलून घेणारे, बसते करणारे, पालथे घालणारे कोणी नाही, कारण सांभाळणाऱ्या बाया मोजक्या आणि बाळे पुष्कळ. तिथे दोन ते तीन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम 8 टक्के मुले स्वतःची चालत होती. दुसऱ्या एका संस्थेत मुलांना मांडीवर घेत, पालथे ठेवत, बसवत. तिथे त्याच वयाची 94 टक्के मुले चालत होती. शिवाय पहिल्या संस्थेतली बरीच मुले रांगलीच नव्हती, ती बुडावर सरकत पुढे जायची. म्हणजे क्रमसुद्धा दगडावरची रेघ नाही. होपी बाळ फळीवर बांधलेले असले तरी माणसांच्या घोळक्यात असे, आणि काही महिन्यांनी मोकळे होई. तेहरानच्या बाळाच्या वाट्याला ते आले नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास हाच.

केनियातल्या किप्सिगिस लोकांत तर आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. 1976 साली चार्ल्स सुपर यांनी दाखवले की तिथली बाळे बसणे-चालणे लवकर करतात, पण जे शिकवले जात नाही, ते रांगणे मात्र लवकर करत नाहीत. आपल्याकडची रोजची मालिश, पायांना दिलेला व्यायाम, अंगणात हात धरून चालवणे, हे याच जातीचे. तेल कोणते हा वाद घालत बसू नका. बाळाला मिळणारा स्पर्श आणि हालचाल महत्त्वाची.

याच ओघात एक गंमत. युरोपात काही शतकांपूर्वी चांगल्या घरांत रांगणे चक्क कमीपणाचे मानत, कारण चार पायांवर जनावरे चालतात! म्हणून मुलांना लवकर उभे करायला लाकडी चौकटी आणि अंगरख्याला शिवलेल्या दोऱ्या असत. आपला पांगुळगाडा तसा बरा, कारण त्याला धरून बाळ स्वतःच्या पायावर उभे राहते. आजचा चाकांचा प्लास्टिकचा वॉकर ही वेगळी गोष्ट. त्यात बाळ लटकते आणि पंजांनी ढकलते. जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने 2004 साली त्याच्यावर बंदीच घातली. 'लवकर चालेल' म्हणून कोणी भेट दिला असेल तर माळ्यावर टाका.

1990च्या दशकात आणखी एक बदल झाला. पाळण्यातला अचानक मृत्यू टाळण्यासाठी बाळाला उताणे झोपवा, असा सल्ला अमेरिकेत 1992 साली दिला गेला आणि असे मृत्यू खूप घटले. मग लक्षात आले की ही बाळे पालथे पडणे आणि रांगणे थोडे उशिरा करतात, चालतात मात्र त्याच सुमारास. म्हणून झोपवायचे उताणेच, आणि जागेपणी आपल्या नजरेसमोर थोडा थोडा वेळ पोटावर खेळवायचे.

शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांची नोंद घेऊन 2006 साली आकडे प्रसिद्ध केले. आपल्याकडची मुले दक्षिण दिल्लीतली होती. त्यांनी एक आकडा न देता 'खिडकी' दिली. आधाराशिवाय बसणे 3.8 ते 9.2 महिने. हात-गुडघ्यांवर रांगणे 5.2 ते 13.5 महिने. स्वतः चालणे 8.2 ते 17.6 महिने. आणि सुमारे 4 टक्के निरोगी मुले अशी रांगलीच नाहीत. म्हणजे तेरा महिन्यांचे, धरून उभे राहणारे, हसणारे-बोबडे बोलणारे बाळ चालत नसेल तर ते खिडकीच्या आत आहे. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर वयातून तेवढे दोन महिने वजा करून मोजा. दोन वर्षांपर्यंत असेच मोजायचे.

पण 'आमच्या घरात सगळेच उशिरा चालले' म्हणून नुसती वाट पाहणेही तितकेच घातक, आणि त्याचाही इतिहास आहे. मुडदूस घ्या. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, पण कारण सापडायला विसावे शतक उजाडले. 1919 साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने ही मुले बरी केली. त्याच सुमारास आपल्या नाशिकमध्ये झालेल्या अभ्यासात दिसले की मुडदूस गरिबांपेक्षा पडदा पाळणाऱ्या सधन घरांत जास्त आहे. तूप-दूध भरपूर, पण ऊन नाही! आज पडदा गेला आणि फ्लॅट आला. वाकलेले पाय, रुंद झालेली मनगटे आणि चालायला उशीर असे दिसले तर 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्या. मोठ्या डोसची औषधे मनाने देऊ नका.

पुढीलपैकी काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला थांबू नका. नऊ-दहा महिन्यांनंतरही बाळ आधाराशिवाय बसत नाही. अंग फार सैल किंवा फार ताठ वाटते. पहिल्या वर्षातच एकच हात किंवा एकच पाय जास्त वापरते. चालताना एका बाजूला झुकते किंवा एक पाय आखूड दिसतो, कारण यामागे जन्मतः निखळलेला खुबा असू शकतो. अठरा महिने झाले तरी चालत नाही. मुलगा असेल तर अशा वेळी सीपीके ही रक्ताची साधी तपासणी करून स्नायूंचा डुशेन हा आजार नाही ना, ते पाहता येते. थायरॉईडचीही तपासणी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, बाळ एखादी गोष्ट आधी करत होते आणि आता करेनासे झाले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. येताना बाळ घरी खेळतानाचा मोबाईलवरचा एखादा मिनिटाचा व्हिडिओ घेऊन या. दवाखान्यात बाळ रडते आणि काहीच करून दाखवत नाही.