श्यामला गोपालन आणि त्यांच्या लेकी

कमला हॅरिस हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. २०२१ ते २०२५ या काळात त्या अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या, त्या पदावरची पहिली बाई. २०२४ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्या हरल्या. निवडणुकीच्या गप्पा बाकीचे करतीलच. आम्ही सहयोगिनी आज बोलणार आहोत ते त्यांच्या आईबद्दल आणि आजीबद्दल.

आजीचं नाव राजम. तमिळनाडूच्या. बाराव्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं होतं, हायस्कूलचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण नवऱ्याच्या माराला कंटाळलेली बाई दारात आली तर तिला त्या घरात घ्यायच्या आणि नवऱ्याला खडसावायच्या. बायकांना जमवून मुलं किती, कधी, हे आपल्या हातात कसं ठेवायचं तेही सांगायच्या. ना गट, ना फेडरेशन, ना शिक्का.

त्यांची थोरली लेक श्यामला. दिल्लीच्या लेडी आयर्विन कॉलेजात त्या गृहविज्ञान शिकल्या. गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि शिवणकाम असं समजून हसणारे तेव्हाही होते, आताही आहेत. त्याच पदवीच्या जोरावर १९५८ साली, एकोणिसाव्या वर्षी, श्यामला एकट्या कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गेल्या. वडील सरकारी नोकरीत; साठवलेल्या पैशातून त्यांनी पहिल्या वर्षाचा खर्च उचलला. लेकीच्या शिक्षणासाठी पुंजी मोडणारा बाप तेव्हा किती घरांत होता?

१९६४ साली श्यामलांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी कमलाचा जन्म झाला. पुढे माया झाली. नवरा जमैकाहून आलेला, अर्थशास्त्र शिकवणारा. मुली लहान असतानाच दोघं वेगळे झाले. परका देश, स्तनांच्या कर्करोगावरचं प्रयोगशाळेतलं काम, आणि पदरात दोन मुली. सासर-माहेर सात समुद्रापार.

मग मुली सांभाळल्या कोणी? खालच्या मजल्यावर रेजिना शेल्टन नावाच्या काळ्या बाईंचं पाळणाघर होतं. त्या स्वतः लुईझियाना राज्यातून आलेल्या, म्हणजे त्याही परगावच्याच. आईला यायला उशीर झाला की मुली शेल्टनबाईंकडे जेवायच्या, तिथेच झोपायच्या. भिंतीवर हॅरिएट टबमनसारख्यांची चित्रं होती, गुलामीतून स्वतः सुटून इतरांना सोडवणाऱ्या बाईची. रविवारी शेल्टनबाई त्यांना चर्चमध्ये नेत, आई देवळात नेई. शपथ घेताना कमलांनी हात ठेवला त्या दोन बायबलांपैकी एक याच शेल्टनबाईंचं होतं.

श्यामलांचं एक गणित आम्हाला फार पटतं. इथले लोक माझ्या मुलींना काळ्याच म्हणणार, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी मुलींना काळ्या बायका म्हणून ताठ मानेनं वाढवलं, आणि नावं मात्र कमला आणि माया ठेवली. सुट्टीत आजोळी चेन्नईला नेलं. मुलांनी एकतर इथलं व्हावं नाहीतर तिथलं, असा हट्ट धरला नाही.

१९७६ ला नोकरीसाठी त्या मुलींना घेऊन कॅनडात माँट्रियालला गेल्या. तिथे कमलाची एक मैत्रीण शाळेत उदास असायची. तिच्या घरी सावत्र बाप तिचा छळ करत होता. हे कळल्यावर श्यामलांनी सांगितलं, तिला इकडे घेऊन ये. ती मुलगी काही काळ त्यांच्याकडेच राहिली. राजम आजीचं दार असं दुसऱ्या खंडात उघडलं. आपण सरकारी वकील का झालो, त्याचं एक कारण ही मैत्रीण असल्याचं कमलांनी पुढे सांगितलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशातून येऊन शिक्षणाच्या बळावर उभ्या राहिलेल्या आईच्या मुलीला शाळा बुडवणं म्हणजे मोठाच गुन्हा वाटणार. कॅलिफोर्नियात कमलांनी पाठिंबा दिलेला एक कायदा २०११ पासून लागू झाला. मूल वारंवार शाळा बुडवत असेल तर आईबापाला दोन हजार डॉलरपर्यंत दंड, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद. हेतू चांगला होता. पण काही जिल्ह्यांत त्यात गरीब आया सापडल्या. एका आईला तर पोलिसांनी पकडून नेलं, आणि तिच्या मुलीला सिकल सेल होता. तो आजार काय असतो हे आपल्या नंदुरबार-गडचिरोलीच्या बहिणींना सांगावं लागत नाही. मूल दवाखान्यात पडलेलं असताना शाळेत कुठून जाणार? आईची शिस्त घरात असते तेव्हा तिच्याबरोबर आईची नजरही असते, लेकराला ताप आहे हे तिला दिसतं. कायद्याला ते दिसत नाही. २०१९ साली कमलांनी त्या परिणामांबद्दल खंत व्यक्त केली.

आपल्या बऱ्याच गटांत सभेला गैरहजर राहिलं की दंड आहे. दहा रुपये, वीस रुपये. ऊसतोडीला गेलेली, बाळंतीण, आजारी लेकराजवळ बसलेली, सगळ्यांना सारखाच. येत्या महिन्याच्या सभेत आम्ही हा विषय घेतोय. तुमच्या गटाचा नियम काय आहे आणि तो कोणी ठरवला, ते लिहून रेडिओ केंद्रावर पाठवा.