टू-डी इकोचा रिपोर्ट आला, आता तो वाचायचा कसा?

जव्हार-मोखाड्यात कुणाला छातीत धडधड होते, कुणाच्या हृदयात डॉक्टरांना नळीने 'मर्मर' ऐकू येते. मग नाशिक किंवा ठाणे गाठून टू-डी इको होतो. रिपोर्ट इंग्रजीत. त्यात 'ट्रिव्हियल टीआर' दिसले की घरात रडारड, आणि ठरलेला निकाह पुढे ढकलायची भाषा! म्हणून काही शब्द आपण समजून घेऊ.

ईएफ : डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर जाते, तो आकडा. साधारण ५५ ते ७० चांगला. ६० म्हणजे 'हृदय ४० टक्के निकामी' असे अजिबात नाही.

ट्रेस किंवा ट्रिव्हियल एमआर, टीआर : झडप मिटताना किंचित रक्त मागे येते. ठणठणीत तरुणांतही हे दिसते. झडप आणि कप्पे नॉर्मल असतील तर हा आजार नव्हे.

नो आरडब्ल्यूएमए : हृदयाच्या भिंती सगळीकडे नीट आकुंचन पावतात. चांगली खूण.

मर्मर ऐकू आली आणि इको नॉर्मल निघाला, असेही होते. अंगात रक्त कमी असले किंवा बाई गरोदर असली तरी मर्मर येते. तेव्हा हिमोग्लोबिन तपासा.

'रुमॅटिक', 'मायट्रल स्टेनोसिस', 'बायकस्पिड', 'मॉडरेट', 'सिव्हिअर' हे शब्द असतील तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना भेटाच. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या रुमॅटिक तापाने झडप खराब होते. मायट्रल स्टेनोसिस असलेल्या मुलीला गरोदरपणात धोका वाढतो, म्हणून सल्ला आधीच घ्यावा. दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले असेल तर मनाने बंद करू नये.

इकोत रक्तवाहिनीतले ब्लॉकेज थेट दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक इंतकाल झालेला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

रिपोर्ट आधी जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. जुने रिपोर्ट जपून ठेवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते.

एका शब्दावरून नाते तोडू नका, आणि खरा आजार असेल तर तो लपवूही नका.