गिरणगाव : एकजूट आणि आतली रेघ

गिरणगावावरच्या लेखनात 'अठरापगड जातींची एकजूट' हे शब्द हमखास येतात. ते खोटे नाहीत. पण जुनी कागदपत्रे वाचता वाचता ते अपुरे आहेत, असे माझे मत होत गेले.

कावसजी दावर यांची कापडगिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली. रत्नागिरीचे कोकणी, साताऱ्याकडचे घाटी, मदनपुऱ्यातले मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली असे सारे भोंग्याबरोबर उठू लागले. भरती जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावची, नात्यातली माणसे आणी. एका खोलीत अनेक गाववाले पाळीप्रमाणे झोपत आणि खानावळीत उधारीवर जेवत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

पण खातीही जातीजातींत वाटली गेली होती. साचाखात्यात मजुरी चांगली. तिथे दलितांना मज्जाव होता. कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ वाटे. दलितांच्या वाट्याला कमी मजुरीचे रिंगखाते आले. म्हणजे जो दोरा सगळ्यांच्या पोटाशी बांधलेला होता, तोच शिवाशिवीचे कारण झाला.

१९२८च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. ते तेव्हा परळच्या बीआयटी चाळीतच राहत होते. त्यांचा मुद्दा सरळ होता : संपात बरोबरीने उपाशी राहायचे, तर साच्यावरही बरोबरीने उभे राहता आले पाहिजे. पुढच्या वर्षीच्या संपाला त्यांनी पाठिंबा दिला नाही. मात्र औद्योगिक विवाद विधेयक आले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप केला. माझ्या मते गिरणगावाची एकजूट ही अशी होती. ती शेजारातून आपोआप उगवली नाही. भांडून, अटी घालून, पुन्हा पुन्हा जुळवावी लागली.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या. आता बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. भोंगा, भजने, गणपती यांच्या आठवणी जपल्या जातील. त्यांच्याबरोबर रिंगखात्याचीही नोंद राहायला हवी.